सायकलीपासून नांगरापर्यंत

पाटणच्या डोंगरांतून वाहत येणारी कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते आणि तेथून कृष्णा सांगलीच्या दिशेने खाली उतरते. डोंगराकडची जमीन तांबडी व हलकी. परंतु नदीबरोबर खाली यावे तसतशी माती काळी, खोल आणि चिकट होत जाते. अशा जमिनीत हरळी किंवा कुंदा शिरला म्हणजे त्याची मुळे खोलवर पसरतात आणि वर कितीही खुरपले तरी तो पुन्हा फुटतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही जमीन नांगरणे म्हणजे शेतकऱ्याची मोठी कसोटीच असे. त्याच्याजवळ नांगर होता तो बाभळीच्या लाकडाचा, ओबडधोबड आणि जड. त्याला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याने शेजाऱ्याशी पैरा करावा, दुसऱ्याचे बैल मिळेपर्यंत थांबावे आणि तोवर आभाळाकडे पाहत बसावे. एवढे करूनही लाकडी नांगर जमीन फोडी, ढेकळे काढी. पण खालची माती वर आणि वरची खाली असे तिला उलथून टाकणे त्याच्याने होत नसे. त्यामुळे तणाची मुळे उन्हात पडून वाळावयाची, ती जमिनीतच राहत.

या भागातील शेतकऱ्याच्या हाती आपल्याच देशात तयार झालेला लोखंडी नांगर ज्यांनी दिला, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतः शेतकरी नव्हते, की कोणत्या विद्यापीठाची पदवी घेतलेले यंत्रशास्त्रज्ञही नव्हते. त्यांना व्हावयाचे होते चित्रकार.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे जाणकार होते. घरात शास्त्राची चर्चा चाले; परंतु लक्ष्मणाचे मन पोथीत रमले नाही आणि शाळेतही रमले नाही. हातात कोळसा आला की चित्र काढावे आणि एखादे यंत्र दिसले की ते कसे चालते हे निरखीत बसावे, हे त्याचे दोन छंद. असल्या छंदांवर पोट भरत नाही, असे त्या काळी सर्वच घरांतून समजले जाई. तरीही हट्टाने घरच्यांचे मन वळवून १८८५ साली हा मुलगा मुंबईस गेला आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

दोन वर्षे बरी गेली. रेखाटनात त्याचा हात उत्तम चाले. पण रंगकामाला आरंभ झाला तेव्हा काहीतरी चुकते आहे असे दिसू लागले. काही रंग त्याला एकमेकांपासून नीट वेगळे ओळखता येत नव्हते. डोळ्यांत अंशतः रंगांधळेपण आहे असे अखेर निष्पन्न झाले. चित्रकार होण्यासाठी घर सोडून आलेल्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता बसणार? लक्ष्मणरावांनी रंगांची पेटी बाजूस ठेवली. पण पेन्सिल ठेवली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास रंग लागत नाहीत. लागते ती अचूक नजर, स्थिर हात आणि वस्तूच्या आत काय चालले आहे ते मनात पाहण्याची शक्ती. या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली होती. तेथे यांत्रिक चित्रकला शिकविण्याचे काम लक्ष्मणरावांना मिळाले. शिकविता शिकविता ते स्वतःही शिकत गेले. संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन यंत्रे उघडावी, पुसावी, पुन्हा जोडावी, परदेशी तांत्रिक मासिके चाळावी, असा त्यांचा क्रम होता.

त्याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर एक नवे वाहन दिसू लागले. त्याला दोनच चाके होती आणि बैल किंवा घोडा मुळीच नव्हता. आज सायकलीचे कोणाला काही वाटत नाही. परंतु दोन सारख्या चाकांची आणि साखळीने फिरणारी सायकल विलायतेत नुकतीच, १८८५ च्या सुमारास, प्रचारात आली होती. आणि डनलॉप यांनी हवा भरलेला टायर बनविला तो १८८८ साली. म्हणजे जगातच जी वस्तू नवी होती, ती लक्ष्मणरावांनी हेरली. त्यांनी स्वतः सायकल चालविण्यास शिकून घेतले आणि बेळगावास वडील बंधू रामूअण्णा होते त्यांच्याशी मिळून सायकलींचे दुकान काढले. दुकानाला नाव दिले किर्लोस्कर ब्रदर्स. हे साल १८८८ होय. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. घेणाऱ्याला चालविण्यासही शिकवीत.

सायकल हे साधे यंत्र नव्हे. तिचा सांगाडा पोकळ नळ्यांचा असतो. तो हलका असूनही माणसाचे वजन पेलतो. चाकाच्या तारा एकेकटीने क्षुल्लक. परंतु सर्व मिळून ताणलेल्या असल्या म्हणजे चाक गोल राहते. आसाभोवती पोलादी गोळ्या फिरतात म्हणून घर्षण कमी होते, आणि साखळीमुळे पायाची शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचते. सांगाड्यापासून आरंभ करून एकेक भाग जोडीत गेल्यास, कोणता भाग कशासाठी आहे आणि कोठे थोडी ढिलाई राहिल्यास काय बिघडते, हे हाताला समजते. ज्याला सायकल पूर्ण सोडून पुन्हा उभी करता येते, त्याला यंत्रशास्त्राची बाराखडी आली असे म्हणण्यास हरकत नाही. अमेरिकेत विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंनी १८९२ साली सायकलींचे दुकान काढले होते, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचेच विमान आकाशात उडाले. हेन्री फोर्ड यांनी १८९६ मध्ये आपली पहिली मोटार बनविली तेव्हा तिला सायकलीची चाके लाविली होती. बेळगावच्या दुकानातून विमान किंवा मोटार निघाली नाही. निघाला तो नांगर. त्या वेळी आपल्या देशाला त्याचीच गरज अधिक होती.

मुंबईच्या संस्थेत लक्ष्मणरावांनी सुमारे दहा वर्षे मन लावून काम केले. त्यांच्याहून वरच्या जागेवर बढतीची वेळ आली तेव्हा त्यांची पात्रता सर्वांना ठाऊक होती. पण ती जागा दिली गेली एका अँग्लो-इंडियन गृहस्थास. इंग्रजी अमलात अशी गोष्ट नवी नव्हती आणि पुष्कळ जण ती मुकाट्याने गिळीत. लक्ष्मणरावांना संसार होता. पत्नी राधाबाई होत्या. बांधलेला पगार सोडणे म्हणजे अंधारात पाऊल टाकणे होते. त्यांनी ते पाऊल टाकले आणि राजीनामा देऊन ते बेळगावास परत आले.

आता सायकलींची विक्री व दुरुस्ती एवढ्यावर त्यांचे समाधान होईना. दुसऱ्याने घडविलेली वस्तू विकण्यापेक्षा आपण घडवावी, ही ओढ त्यांना लागली होती. पण भांडवल कोठून आणावे? सायकलीच्या धंद्यात जे चार पैसे शिल्लक पडले, त्यांतून त्यांनी एक लहानसा लेथ, भोके पाडण्याचे यंत्र अशी मोजकी हत्यारे घेतली. विलायतेहून पूर्ण कारखाना आणण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता, आणि असता तरी तो चालविणारी माणसे नव्हती. म्हणून जे हाती आहे त्यातून आधी एक वस्तू करावी, तिच्या पैशांतून पुढचे हत्यार घ्यावे, त्या हत्याराने त्याहून अवघड वस्तू करावी, अशी पायरीपायरीची वाट त्यांनी धरली.

पहिली वस्तू होती कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचा लांब कडबा गुरांपुढे टाकला की ती पाला खातात आणि जाड बुडखे तुडवून टाकतात. दुष्काळी मुलखात हा नाश परवडणारा नसतो. लक्ष्मणरावांच्या यंत्रात एका चाकाला पाती लावलेली असत. हाताने चाक फिरवावे, पन्हाळीतून कडबा पुढे सरकवावा, की त्याचे बारीक तुकडे होऊन पडत आणि गुरे ते बुडख्यांसकट खात. यंत्र साधे, पण त्यामुळे तेवढ्याच कडब्यावर गुरांचे अधिक दिवस निघत.

मग लक्ष्मणराव नांगराकडे वळले. परदेशांतून येणारे लोखंडी नांगर त्यांनी बारकाईने पाहिले. नांगराला जमीन कापणारा फाळ असतो. त्याच्या मागे वळणदार पंख असतो. फाळाने कापलेली मातीची वडी या पंखावर चढते आणि त्याच्या वळणामुळे पालथी होऊन बाजूस पडते. पंखाचे वळण थोडे चुकले तर माती उलटत नाही आणि बैलांना ओढ मात्र जास्त बसते. फाळाचीही एक अडचण असते. ओतीव लोखंड सावकाश निवाले तर मऊ राहते व जमिनीत लवकर झिजते. तेच झटकन थंड केले तर वरचा थर कठीण होतो. पण फार कठीण झाल्यास दगडाशी ठेच लागताच तुकडा उडतो. म्हणजे वळण, कठीणपणा आणि वजन या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. लाकडाचे नमुने करावे, वाळूत त्यांचे साचे घ्यावे, वितळलेला रस ओतावा, निघालेला भाग तपासावा आणि चुकला असल्यास पुन्हा भट्टीत टाकावा, असे हे चिकाटीचे काम होते. चित्रकाराचा हात येथे उपयोगी पडला असेल यात शंका नाही. कारण नांगराचे वळण ही डोळ्यांनी आणि बोटांनी समजण्याची गोष्ट आहे.

नांगर तयार झाले. परंतु ते घेण्यास कोणी येईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते आणि ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. या समजुतीला हसणे सोपे आहे. पण ज्याचे सर्वस्व चार एकर जमीन आहे, त्याने पिढ्यानपिढ्यांचा नांगर टाकून अनोळखी लोखंड आपल्या मातीत का घालावे? पीक बुडाले तर ते भरून देणारे कोणी नव्हते. दोन वर्षे नांगर तसेच पडून राहिले. त्यांत गुंतलेला पैसा थोडा नव्हता, आणि नवे नांगर करण्यास लोखंड घ्यावे तर जुने विकले गेले पाहिजेत, असा पेच होता. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. शेतात प्रत्यक्ष नांगर चालवून दाखवावा, शेतकऱ्याला आपल्या डोळ्यांनी उलटलेली माती पाहू द्यावी, त्याच्या तक्रारी ऐकून नांगरात सुधारणा करावी, हाच खरा उपाय होता. हळूहळू गिऱ्हाईक मिळू लागले. एकाच्या रानात हरळी मेलेली दिसली की शेजारी विचारपूस करी. शब्दांनी जे झाले नसते ते एका हंगामाने केले.

धंदा असा मूळ धरीत असतानाच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला वसाहत वाढविण्यासाठी कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडणे भाग पडले. भट्टी, साचे, यंत्रे आणि कामगार घेऊन जावे कोठे? या वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार आणि कलेचे भोक्ते होते. लक्ष्मणरावांचा व त्यांचा स्नेह होता. औंध संस्थान एका जागी सलग नव्हते. त्याचे तुकडे सातारच्या मुलखात विखुरलेले होते, आणि त्यांपैकी कुंडलजवळ रेल्वेचे कुंडल रोड हे स्टेशन होते. बाळासाहेबांनी तेथली बत्तीस एकर जमीन देऊ केली, आणि पैशाचेही साहाय्य केले.

जमीन मिळाली खरी, पण ती कशी? सगळीकडे निवडुंगाचे रान माजलेले, त्यात सापांची वस्ती आणि पाण्याची टंचाई. कोणाही व्यवहारी माणसाने ती पाहून परतीची गाडी धरली असती. लक्ष्मणरावांनी स्टेशन जवळ आहे एवढेच पाहिले. कच्चे लोखंड व कोळसा गाडीने येईल आणि नांगर गाडीने जातील. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. सुमारे पंचवीस कामगार आपली बायकामुले घेऊन त्यांच्याबरोबर आले होते. निवडुंग तोडला, साप मारले, छपरे उभारली आणि यंत्रे बसविली. राहण्यास पुरती घरे होण्याच्या आधीच कारखान्याचे काम सुरू करावे लागले. कारण काम थांबले असते तर पंचवीस चुली थांबल्या असत्या.

वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. हिशेब मंगेशराव रेगे सांभाळीत. शंभुराव जांभेकर अडल्यानडल्या प्रत्येक कामात पुढे असत. अनंतराव फळणीकर यांचे शाळेचे शिक्षण अर्धवट राहिले होते. ते येथे कल्पक यंत्रकार म्हणून नावारूपास आले. माणूस कोणत्या परीक्षेला बसला होता यापेक्षा त्याच्या हातून काय होते, याकडे लक्ष्मणरावांचे लक्ष असे. स्वतः ते शाळेत रमले नव्हते, हे ते विसरले नसावेत. दरोडेखोरीची शिक्षा भोगलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीच्या रखवालीवर नेमले, आणि ती माणसे भरवशाची निघाली. किर्लोस्करवाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. त्या काळी असा नियम करणे आणि तो चालविणे, हे नांगर विकण्याइतकेच अवघड होते, कदाचित अधिकच.

चार वर्षांत कारखान्याचा जम बसला आणि १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. परदेशी माल येणे बंद झाले. लोखंड मिळेना, रंगही मिळेना. भट्टी आहे, माणसे आहेत, मागणी आहे. पण ओतावयास धातूच नाही, अशी स्थिती आली. रंग त्यांनी येथेच तयार करविला. लोखंडासाठी त्यांची नजर गेली ती किल्ल्यांवर पडलेल्या जुन्या तोफांकडे. कोल्हापूरचे शाहू महाराज शेतीच्या व उद्योगांच्या सुधारणेविषयी आस्था बाळगणारे होते. त्यांच्या संस्थानातील निकामी तोफा लक्ष्मणरावांना मिळाल्या. ज्या लोखंडाने एके काळी तटांवरून आग ओकली, ते किर्लोस्करवाडीच्या भट्टीत वितळले आणि त्याचे फाळ होऊन शेतांत गेले.

युद्ध संपल्यावर, १९२० साली, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी वाडीतूनच किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या बातम्यांसाठी निघालेले ते पत्रक पुढे महाराष्ट्रातील एक नामांकित मासिक झाले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, विहिरीचे पाणी वर चढविणारे पंप अशी कामे वाढत गेली. नांगराने जमीन उलटली तरी पिकाला पाणी लागते. म्हणून पंपाचे काम लक्ष्मणरावांना स्वाभाविक वाटले असावे. मुलगा शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून १९२६ साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन आला. वडिलांनी जे धडपडत आणि चुका करीत मिळविले होते, ते मुलाने पद्धतशीर शिकून आणले. पुढे हरिहर, पुणे व बंगळूर येथेही किर्लोस्करांचे कारखाने निघाले, आणि लेथपासून तेलावर चालणाऱ्या इंजिनांपर्यंत अनेक यंत्रे त्यांतून बाहेर पडू लागली.

भारत स्वतंत्र झालेला लक्ष्मणरावांनी पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, २० जून १९६९ रोजी, भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. निवडुंगाच्या रानाशेजारचे ते कुंडल रोड स्टेशन किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि पुणे-मिरज मार्गावरच्या गाड्या तेथे थांबू लागल्या.